उंदराच्या मेंदूतला थीटा ताल आणि चिंता: प्लस मेझवर नेमकं काय मोजलं जातं?

रानजाई

चिंतेच्या औषधांवरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, "उंदरांवर प्रयोग करून माणसाच्या चिंतेबद्दल काय डोंबल कळणार?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर दोन ओळींत मावणारं नाही. म्हणून हा वेगळा धागा. मी एम.फार्म. फार्माकॉलॉजीत केलं आणि आता बरीच वर्षं उंदरांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजायचं काम करते. खाली 'उंदीर' म्हणजे माउस, छोटा. मोठा असेल तिथे 'रॅट' लिहिते.

आपल्याकडे फार्मसी कॉलेजात शिकलेल्यांनी प्लस मेझ पाहिलेला असतो. अधिक चिन्हाच्या आकाराची उंच पट्टी. रॅटसाठीचा मेझ जमिनीपासून साधारण ५० सेंमी वर असतो. समोरासमोरच्या दोन बाजूंना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. प्राणी मधल्या चौकोनात ठेवायचा आणि पाच मिनिटं बघायचं. १९८५ मध्ये पेलो, फाइल आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी रॅटवर पक्की केली, १९८७ मध्ये लिस्टरने उंदरांवर. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलं की प्राणी उघड्या बाजूला जास्त वेळ काढतो. एवढ्या एका निरीक्षणावर ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांच्या अर्कांचे कितीतरी प्रबंध उभे आहेत.

पण आकडेवारीत जे येत नाही ते डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. उंदीर आधी भिंतींच्या आडोशाला जातो. थोड्या वेळाने तोंडाशी येतो. मागचे पाय आतच रोवलेले, पोट जवळजवळ टेकलेलं, अंग रबरासारखं लांब केलेलं, नाक आणि मिशा तेवढ्या बाहेर. दोन-तीन सेकंद हुंगतो आणि झटकन आत. पुन्हा येतो. माझ्या मते चिंता बघायची तर इथे बघावी. बाहेर कोणी शत्रू नाही, इजा झालेली नाही. नवीन जागा धुंडाळायची ओढ आहे आणि उघड्यावर पडायची धास्तीही आहे.

आता मेंदूत काय चालतं ते. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागात बारीक तार बसवली की प्राणी चालत असताना पडद्यावर अतिशय नियमित लाट दिसते. सेकंदाला साधारण ४ ते १२ आवर्तनं, हाच थीटा. सशाच्या मेंदूत युंग आणि कॉर्नम्युलर यांनी तो १९३८ मध्येच नोंदवला होता. पुढे व्हँडरवुल्फने १९६९ मध्ये दाखवलं की रॅट आपणहून चालतो, उडी मारतो, शोधाशोध करतो तेव्हा थीटा जोरात असतो. म्हणजे मुळात हा ताल चिंतेचा नाहीच. खाऊ शोधणाऱ्या निवांत रॅटमध्येही तो दणदणीत दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हिप्पोकॅम्पस हा लांबट, वळलेला अवयव. उंदरात त्याचं वरचं टोक जागा ओळखण्यात गुंतलेलं, तर खालच्या टोकाचे चेतातंतू (पुढे यांनाच 'धागे' म्हणते) थेट अमिग्डाला (भीतीशी जोडलेला भाग), हायपोथॅलॅमस (हार्मोन्स सांभाळणारा भाग) आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (कपाळामागचा, निर्णय घेणारा भाग) यांच्यापर्यंत पोचतात. २००२ मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या गटाने रॅटचं फक्त खालचं टोक निकामी केलं, तेव्हा ते रॅट मेझच्या उघड्या बाजूला जास्त जाऊ लागले. वरचं टोक निकामी केल्यावर असं झालं नाही.

तिथून धागा उचलला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जोशुआ गॉर्डन यांच्या गटाने. २०१० मध्ये अधिकारी, टोपीवाला आणि गॉर्डन यांनी (होय, पहिली दोन आडनावं ओळखीची वाटतील) उंदरांच्या खालच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि प्रीफ्रंटलमध्ये एकाच वेळी नोंदी घेतल्या. उंदीर ओळखीच्या जागी असतानाही दोन्हीकडचा थीटा बऱ्यापैकी जुळलेला होता. प्लस मेझवर आणि मोकळ्या चौकात ती जुळणी आणखी वाढली. वरच्या हिप्पोकॅम्पसशी अशी जुळणी नव्हती. प्रीफ्रंटलमधला थीटा ज्यांच्यात जास्त वाढला, त्यांनी उघडी जागा जास्त टाळली. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा १ए रिसेप्टर (ते रसायन पकडणारा पेशीवरचा रेणू) नसलेले उंदीर जन्मतःच जास्त बुजरे असतात. त्यांच्यात ही वाढ आणखी मोठी होती.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही. ते सिद्ध व्हायला आणखी काही वर्षं गेली. २०१६ मध्ये त्याच गटातल्या नॅन्सी पाडिया-कोरेआनो यांनी हिप्पोकॅम्पसहून प्रीफ्रंटलला जाणारे धागे प्रकाशाने गप्प केले (त्यासाठी जनुकांत फेरफार करून त्या पेशी आधी प्रकाशाला दाद देणाऱ्या केलेल्या असतात). उंदीर उघड्या बाजूला जास्त फिरू लागले आणि दोन्ही भागांतली थीटाची जुळणीही ढिली पडली. २०१९ चा प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडतो. त्यांनी तेच धागे उलट चेतवले, वेगवेगळ्या वेगाने: २, ४, ८ आणि २० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तनं. टाळाटाळ सर्वांत जास्त वाढली ती ८ हर्ट्झला. तेही प्रकाश हळूहळू चढवत-उतरवत लाटेसारखा दिला तरच. त्याच ८ हर्ट्झला तुटक ठोके दिले तर टाळाटाळ वाढली नाही.

झोक्याला धक्का परतीच्या नेमक्या क्षणी बसला तरच झोका उंच जातो, तसं काहीसं हे आहे. प्रीफ्रंटलच्या पेशी ज्या क्षणी ऐकायला तयार असतात त्याच क्षणी हिप्पोकॅम्पसचा निरोप पोचला, तर तो लागू पडतो. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की थीटा हे चिंतेचं मोजमाप नाही. "इथे जपून" हा निरोप एका भागातून दुसऱ्या भागात कोणत्या वेळी पोचतो, ते त्या तालावर ठरतं. वर्तमानपत्रात "शास्त्रज्ञांना चिंतेची लहर सापडली" असं छापून येतं तेव्हा नेमका हा फरक गाळला जातो.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

तळकोकणी

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न. रात्री झोप लागावी म्हणून मी यूट्यूबवर "थीटा वेव्हज" लावून झोपतो. खाली कॉमेंटमध्ये सगळे लिहितात की चिंता गेली. आणि इथे तुम्ही म्हणताय थीटा वाढला की उंदीर घाबरतो. मग थीटा चांगला की वाईट?

रानजाई

@तळकोकणी, प्रश्न बाळबोध नाही, अनेकांची इथेच गल्लत होते. थीटा हे फक्त एका वेगपट्ट्याचं नाव आहे. त्या वेगाची लाट मेंदूच्या कुठल्या भागात, कुठल्या पेशींतून आणि कुठल्या कामाच्या वेळी उठते यावर तिचा अर्थ ठरतो. डोळ्यांवर झापड येताना तुमच्या कवटीवर जो मंद थीटा दिसतो त्याचा आणि उंदराच्या खालच्या हिप्पोकॅम्पसमधल्या थीटाचा काही संबंध नाही. गणित सोडवताना कपाळाच्या मध्यावर दिसतो तो आणखी तिसरा.

त्या आवाजाने झोप लागत असेल तर खुशाल ऐका. पण कानात विशिष्ट आवाज घातला म्हणून हिप्पोकॅम्पस त्या तालावर चालायला लागतो, असं मानू नका.

गोदाकाठ

मी सिग्नल प्रोसेसिंगमधला माणूस, मेंदूतलं काही कळत नाही. पण दोन शंका आहेत, जरा स्पष्ट विचारतो.

पहिली: हिप्पोकॅम्पसचा थीटा इतका जोरदार असेल तर त्याचं विद्युत क्षेत्र आजूबाजूच्या ऊतींतून पसरणारच. प्रीफ्रंटलमधल्या तारेला तोच लांबून ऐकू आला तर "दोन्ही भाग जुळले" हा निष्कर्ष निव्वळ आभास ठरेल.

दुसरी: तुम्हीच म्हणता थीटा चालण्याशी बांधलेला आहे. मेझच्या उघड्या बाजूला उंदीर दबकत चालतो, बंद बाजूला पळतो. मग तुम्ही चिंता मोजताय की वेग?

रानजाई

@गोदाकाठ, या दोन्ही शंका आमच्याकडे शोधनिबंध तपासणारे अगदी याच क्रमाने विचारतात.

लांबून ऐकू येण्याचा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे लाटेवर न थांबता प्रीफ्रंटलमधल्या एकेका पेशीचे ठोके ऐकायचे. विद्युत क्षेत्र ऊतींतून पसरेल, पण त्या पसरलेल्या क्षेत्राने पेशी ठोका देत नाही. पेशीचे ठोके हिप्पोकॅम्पसच्या लाटेच्या ठरावीक टप्प्यावर पडत असतील तर निरोप खरोखर पोचलाय. २०११ मध्ये अधिकारी यांनी हेच केलं. प्रीफ्रंटलमधल्या काही पेशी उघड्या बाजूंवर जास्त बोलतात, काही बंद बाजूंवर. आणि ज्या पेशी उघडं-बंद हा फरक सर्वांत ठळक दाखवतात, त्यांचेच ठोके खालच्या हिप्पोकॅम्पसच्या थीटाला जास्त बांधलेले निघाले. माझ्या दृष्टीने लाटेच्या आलेखांपेक्षा हा पुरावा कितीतरी वजनदार आहे.

वेगासाठी सरळ उपाय आहे. उंदीर ज्या तुकड्यांत सारख्याच वेगाने चालत होता तेवढेच तुकडे दोन्हीकडचे घ्यायचे. त्यात बराचसा डेटा फेकावा लागतो. नवीन विद्यार्थ्यांना त्याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही. शिवाय डोक्यावरची वायर भिंतीच्या कडेला अडकली की उंदीर थबकतो, मागे बघतो. ते क्षणही व्हिडिओ बघून हाताने काढावे लागतात. सॉफ्टवेअरला ते धोका ताडणं वाटतं.

गोदाकाठ

पटलं. एकेका पेशीचा मुद्दा फारच नेमका आहे. धन्यवाद.

निशिगंध

मनोविकारतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते, त्यामुळे औषधांच्या बाजूने थोडी भर घालते.

जेफ्री ग्रे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये, तेव्हा बऱ्याच जणांना धाडसी वाटलेली, मांडणी केली होती: चिंतेचं केंद्र सेप्टम (हिप्पोकॅम्पसशी जोडलेला मेंदूचा एक छोटा भाग) आणि हिप्पोकॅम्पस यांच्या यंत्रणेत आहे आणि चिंता घटवणारी औषधं तिच्यावर काम करतात. पुढे नील मॅकनॉटन यांच्यासोबत २००० मध्ये त्यांनी ती सुधारून मांडली. भीती म्हणजे धोक्यापासून दूर पळणं. चिंता म्हणजे धोका असू शकेल अशा जागेकडे जावं लागणं आणि त्यामुळे होणारी ओढाताण. हवाईमध्ये रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड यांनी रॅटच्या बिळांसमोर मांजर आणून केलेल्या निरीक्षणांचा त्याला आधार आहे. मांजर समोर असताना पळणं वेगळं, आणि मांजर गेल्यावर बिळाच्या तोंडाशी येऊन पुन्हा पुन्हा अंदाज घेणं वेगळं. रानजाईंनी वर्णन केलेलं अंग लांब करणं या दुसऱ्या प्रकारात येतं. पॅनिक अटॅकचे पेशंट आणि सतत काळजी करणारे पेशंट यांच्यात हा फरक आम्हाला रोज दिसतो.

आता थीटाचा संबंध. बेशुद्ध रॅटच्या मेंदूच्या देठातल्या भागाला हलका विद्युतप्रवाह दिला की हिप्पोकॅम्पसमध्ये थीटा उठतो. प्रवाह वाढवला की त्याचा वेग वाढतो. मॅकनॉटन यांच्या गटाला असं दिसलं की चिंतेवर लागू पडणारी औषधं हा वेग कमी करतात. डायझेपामच्या कुळातली करतात, पण गंमत म्हणजे बुस्पिरोनही करतं. डायझेपाम ज्या गाबा या पेशींना आवरणाऱ्या रसायनामार्फत काम करतं, त्याच्याशी बुस्पिरोनचा संबंध नाही, ते गुंगी आणत नाही, स्नायू सैल करत नाही आणि पेशंटला गुण यायला काही आठवडे लागतात. प्लस मेझवर त्याचे निकाल एका प्रयोगात एक, दुसऱ्यात दुसरे असे येतात. थीटाच्या चाचणीत मात्र ते सापडतं. फ्लुऑक्सेटिन आणि प्रीगाबालिनही सापडतात.

रानजाई

@निशिगंध, डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं, कारण मला नेमकं इथेच बोलायचं होतं.

प्लस मेझ पक्का केला गेला तो डायझेपामसारख्या औषधांवर. मग त्यावर नवीन रसायनं तपासली तर जी डायझेपामसारखी वागतात तीच पास होणार. वेगळ्या वाटेने काम करणारं औषध त्या चाळणीत अडकून राहणार. आमच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं "उघड्या बाजूचा वेळ वाढला, म्हणून अर्क चिंतानाशक" असं एका वाक्यात लिहून प्रबंध पूर्ण होतात, आणि प्राणी नुसता जास्त पळत होता का हेही कधी कधी तपासलेलं नसतं. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यात विद्यार्थ्यांची चूक नाही. त्यांना चाचणी शिकवली जाते, ती चाचणी कशी जन्माला आली ते शिकवलं जात नाही.

निशिगंध

अगदी. आणि उलट बाजूचंही उदाहरण आहे. ताणाच्या हार्मोनसाखळीतल्या सीआरएफ-१ रिसेप्टरला अडवणारी रसायनं प्राण्यांच्या चाचण्यांत आशादायक दिसत होती, मोठ्या कंपन्यांनी वर्षं घातली. पेक्सासरफाँट हे त्यातलं एक. सततच्या चिंतेच्या रुग्णांवरच्या २०१० च्या चाचणीत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. प्राण्यातलं माणसात जसंच्या तसं उतरत नाही हे आम्ही पेशंटसमोर बसून शिकतो.

पाऊलवाट

पहिल्यांदाच लिहितोय. मी क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी घेतो, बरीच वर्षं झाली. घरी कुणाला नीट माहीत नाही. उंदराचं ते वर्णन वाचून थांबलो. ऑफिसमध्ये मीटिंगच्या दारापाशी मी असाच करतो. आत डोकावून परत येतो. हे "मनाचे खेळ" आहेत असं लहानपणापासून ऐकलंय. ही गोळी त्या तालावर काम करते का? आणि ती बंद करता येईल का?

निशिगंध

@पाऊलवाट, लिहिलंत हे चांगलं केलंत.

सगळ्यांत महत्त्वाचं: गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. बरीच वर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक सोडलं तर चिंता उसळून येते, झोप उडते, काहींना फिट्सही येतात. ते हळूहळू, आठवडे किंवा महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करतात. बहुतेकांना ते जमतं, सोबत समुपदेशन असेल तर जास्त चांगलं जमतं. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि "मला कमी करायची आहे" एवढंच सांगा. तिथे अवघड वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

"मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

रानजाई

@पाऊलवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. क्लोनाझेपाम गाबा या रसायनाचा परिणाम वाढवतं. गाबा पेशींना आवर घालतं आणि हे आवर घालणारे धागेच मेंदूतले ताल धरून ठेवतात. त्यामुळे या कुळातल्या गोळ्यांनी थीटाचा वेग उतरतो. फक्त, गोळी एका जागी जात नाही. गाबाचे रिसेप्टर मेंदूभर आहेत, म्हणून सोबत झोप, विसरभोळेपणा, तोल जाणं हेही येतं. प्रकाशाने फक्त एका वाटेवरचे धागे गप्प करायची जी करामत उंदरात होते, तिचं मोल एवढ्यासाठीच आहे. नेमकी कुठली वाट महत्त्वाची ते कळलं तर पुढे कधीतरी तेवढ्याच वाटेवर काम करणारा उपचार शोधता येईल. आज तो नाही.

पाऊलवाट

दोघींचे आभार. नंबर लिहून ठेवला आहे.

मैत्र

माझा विरोध नोंदवते. सगळे इतक्या कौतुकाने लिहिताय, पण त्या जिवाच्या कवटीला भोक पाडून तारा घातल्या आहेत, डोक्यावर वायर घेऊन त्याला उंच पट्टीवर सोडलंय आणि तो घाबरतोय का ते मोजताय. मी भटक्या कुत्र्यांसाठी काम करते, घाबरलेला प्राणी कसा दिसतो ते मला माहीत आहे. वर तुम्हीच म्हणताय की औषधं माणसात चालत नाहीत. मग कशासाठी?

रानजाई

@मैत्र, तुमचा विरोध मला परका नाही. ज्यांना हा प्रश्न पडत नाही त्यांनी या कामात येऊ नये असं माझं मत आहे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते, तिच्यात संस्थेबाहेरचे सदस्यही असतात. किती प्राणी, का, वेदनेवर काय, दुसरा मार्ग का नाही, हे लिहून मंजुरी घ्यावी लागते. पाया आहे रसेल आणि बर्च यांची १९५९ ची तीन सूत्रं: प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, त्रास कमी करता येईल का. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते, नंतर वेदनाशामक दिलं जातं, आणि जखम भरून प्राणी खाऊ-पिऊ-खेळू लागेपर्यंत नोंदी सुरू होत नाहीत. कागदावर सगळं असलं म्हणजे सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारखी माणसं त्या समित्यांवर असायला हवीत.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. उंदराला शेपटीला धरून उचलायची पद्धत सगळीकडे होती, अनेक ठिकाणी अजून आहे. २०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर प्लस मेझवर जास्त घाबरट ठरतात, तर नळीतून किंवा ओंजळीत घेऊन नेलेले कमी. नळी म्हणजे पिंजऱ्यातच ठेवलेला साधा प्लास्टिकचा पाइप. उंदीर आपणहून त्यात शिरतो, मग पाइपसकट उचलायचा. याचा अर्थ असा की जिथे शेपटीने उचलतात तिथे चाचणीआधीच प्राणी बिथरलेला असतो, आणि मोजली जाते ती उचलणाऱ्याची पद्धत. कळवळा आणि चांगलं विज्ञान इथे एकाच बाजूला आहेत.

२०१४ मध्ये तर मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासाने उंदीर-रॅट ताणाखाली येतात. त्याही आधी, १९९९ मध्ये, क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी तीन शहरांत, एडमंटन, पोर्टलँड आणि ऑल्बनीत, त्याच वाणांचे उंदीर, तशीच उपकरणं, तीच वेळ ठेवून प्रयोग केले. तरी प्लस मेझचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले.

"कशासाठी" याचं माझं उत्तर: औषधं अपयशी ठरली ती बहुतांशी नुसतं वागणं मोजून पुढे नेल्यामुळे. मेंदूतली वाट समजून घेणं हे त्याहून वेगळं काम आहे, आणि जिवंत, हिंडत्या-फिरत्या मेंदूशिवाय ते अजून होत नाही. तुम्हाला हे पटावं असा आग्रह नाही.

मैत्र

पूर्ण पटलं नाही. पण पाइपची माहिती नवीन होती, आणि उत्तर टाळलं नाहीत याबद्दल आभार. आमच्या शहरात एक कॉलेज आहे, तिथल्या समितीवर बाहेरचे सदस्य कोण आहेत ते विचारून बघणार आहे.

बंगळूरकर

भारतातलं काम राहून गेलं म्हणून लिहितो. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधनसंस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलेल्या रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींच्या फांद्या आखडतात, पण अमिग्डालात त्याच ताणाने फांद्या वाढतात. २००४ मध्ये पुढचा भाग आला: ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिली तरी अमिग्डालातली वाढ आणि चिंता दोन्ही टिकून राहिली. २०१३ मध्ये त्यांनीच विद्युत नोंदी घेऊन दाखवलं की ताणानंतर अमिग्डालाकडून हिप्पोकॅम्पसकडे जाणारा प्रभाव बळावतो. म्हणजे दोघांत कोण कोणाला चालवतो ते ताण बदलतो.

आणि मुंबईत, कुलाब्याला टीआयएफआर या संशोधनसंस्थेत विदिता वैद्य यांचा गट आहे. २०२४ मध्ये त्यांनी खालच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, आवर घालणाऱ्या एका जातीच्या पेशींचं काम दाखवलं. डीओआय या भ्रमकारी रसायनाने प्राण्यांची चिंता तात्पुरती उतरते, ती या पेशींमार्फत.

रानजाई

@बंगळूरकर, फार छान भर. वैद्य यांच्या कामातल्या त्या पेशी, पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या, तालाच्या दृष्टीनेही महत्त्वाच्या. एक आवर घालणारी पेशी शेकडो शेजाऱ्यांना एकाच वेळी गप्प करते आणि एकाच वेळी सोडते. ताल घडतो तो असा.

अण्णा_सातारकर

मुली, लेख नीट वाचला. वय झालं, इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत, पण आशय कळला. मी पस्तीस वर्षं योगवर्ग घेतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास पहिल्यांदा बदलतो आणि श्वास लांबवला की माणूस निवतो, हे आम्ही रोज बघतो. तुमच्या शास्त्रात श्वासाला काही जागा आहे का? का सगळं वरच्या मजल्यावरच?

रानजाई

अण्णा, नमस्कार. जागा आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती वाढत चालली आहे.

पूर्वी बसलेल्या विजेच्या झटक्याची आठवण झालेला उंदीर जागच्या जागी थिजतो. बोर्दोच्या सिरिल हेरी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की त्या थिजण्याच्या काळात प्रीफ्रंटल आणि अमिग्डाला ४ हर्ट्झच्या तालावर एकत्र चालतात. आठचा नव्हे, चारचा ताल. आधी वाटलं की हा मेंदूचा स्वतःचा ताल. पण थिजलेला उंदीर श्वासही सेकंदाला साधारण चार वेळा घेतो. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की या तालाचा मोठा वाटा नाकातून येतो. हवा आत शिरली की गंधाच्या पेशी चेततात आणि तोच ठेका प्रीफ्रंटलपर्यंत पोचतो. नाकाकडून येणारी वाट बंद केली की तो ताल ओसरतो. थिजणं सुरू व्हायला त्याची गरज दिसत नाही, पण ते किती वेळ टिकतं यात त्याचा हात आहे.

दुसरं, २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क क्रॅस्नो यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं काम. मेंदूच्या देठात श्वासाचा ठेका धरणारी एक गाठ आहे. तिथल्या जेमतेम पावणेदोनशे पेशी श्वासाची बातमी मेंदूला जागं ठेवणाऱ्या केंद्राला देतात. त्या काढून टाकल्या तर उंदीर श्वास घेत राहतो, पण नव्या पिंजऱ्यातही हुंगत फिरण्याऐवजी शांत बसून अंग चाटतो.

आणि तुमच्या "वरच्या मजल्या"ला उत्तर म्हणून २०२३ चा कार्ल डाइसरॉथ यांच्या गटाचा प्रयोग सांगते. त्यांनी उंदराच्या हृदयाचे ठोके बाहेरून प्रकाशाने मिनिटाला ९०० पर्यंत नेले. तेवढ्यानेच उंदीर उघडी जागा टाळू लागला, म्हणजे चिंता छातीकडून वर गेली. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग गप्प केला तेव्हा तो परिणाम ओसरला.

प्राणायामाने माणसात नेमकं हेच घडतं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण उंदीर आपणहून श्वास लांबवत नाही.

अण्णा_सातारकर

समाधान झालं. छातीकडून वर जाण्याचं वर्गात सांगेन. लिहीत राहा.

तळकोकणी

मग माणसात कुणी हे मोजलंय का? कवटी न उघडता?

रानजाई

@तळकोकणी, हो. दोन वाटांनी.

एक म्हणजे अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर तारा बसवलेल्या असतातच. त्यांच्या परवानगीने त्या काळात नोंदी घेतात. कॅलिफोर्नियातल्या गटाने २०१८ मध्ये अशा २१ जणांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १३ जणांत अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातला बीटा ताल, म्हणजे १३ ते ३० हर्ट्झ, मनःस्थिती बिघडण्याशी जोडलेला दिसला. लक्षात घ्या, माणसात तो थीटा नव्हता. जागा जवळजवळ त्याच आहेत, वेग वेगळा. म्हणून ८ हर्ट्झ हा आकडा उंदरातून उचलून माणसाला लावू नये.

दुसरी वाट कवटीवरच्या साध्या ईईजीची, म्हणजे डोक्याला बाहेरून चकत्या लावून लहरी मोजण्याची, न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मॅकनॉटन यांनी घेतलेली. माणसाला पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं असतं, पण मधेच "थांब" असा इशारा येतो. इशारा अशा वेळी देतात की दाबावं आणि थांबावं यांची ओढाताण निम्मी-निम्मी होईल. त्या क्षणी कपाळाच्या उजव्या बाजूला ४ ते १२ हर्ट्झची एक वाढ दिसते. बुस्पिरोनने ती घटते, डायझेपामच्याच, म्हणजे बेन्झोडायझेपिनच्या कुळातल्या ट्रायाझोलामने घटते, प्रीगाबालिनने घटते. तिघांची कामाची पद्धत वेगवेगळी, तरी परिणाम एकच. २०२१ मध्ये त्यांनी चिंताविकाराच्या रुग्णांत ही वाढ जास्त असल्याचं मांडलं.

ही चाचणी रॅटच्या त्या बेशुद्ध अवस्थेतल्या थीटावरून, तर्काने, पायरी-पायरीने बांधलेली आहे. मेझवर उंदीर किती वेळ बाहेर राहिला यापेक्षा मला हा धागा जास्त खात्रीचा वाटतो.

निशिगंध

आमच्याकडे आज निदान पूर्णपणे बोलण्यावर आणि प्रश्नावलीवर चालतं. चिंतेचे पेशंट दिसायला सारखे, पण एकाला बुस्पिरोन लागू पडतं, दुसऱ्याला नाही, आणि ते कळायला महिना-दीड महिना जातो. ती वाढ ज्यांच्यात जास्त आहे त्यांनाच बुस्पिरोन लागू पडतं का, हे कुणी नीट तपासलं तर मी माझे पेशंट सुचवायला तयार आहे.

रानजाई

@निशिगंध, डॉक्टर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. त्या चाचणीला ईईजी यंत्र, एक संगणक आणि शांत खोली एवढंच लागतं. बटणाच्या कामाची मांडणी मी मराठीत करून देते.